केवड्याची साक्ष

गणिताला अनंत झेपत नाही, हे विधान दोन अगदी वेगळ्या गोटांतून ऐकू येतं. एक गोट भाविकांचा. त्यांच्या मते अनंत हा अनुभवायचा विषय आहे, गणितज्ञाने आपली मोजपट्टी घेऊन त्या वाटेला जाऊ नये. दुसरा गोट स्वतःला कडक वास्तववादी म्हणवणाऱ्यांचा; त्यात संगणकवाले बरेच. विश्वातले कण मोजके, यंत्राची स्मृती मोजकी, माणसाचं आयुष्य तर फारच मोजकं. मग अनंत संच, अनंत श्रेणी, अनंत अंतर ही सगळी कागदावरची नक्षी, आणि तिला अर्थ चिकटवणं हा भाबडेपणा, असं ते म्हणतात. एरवी हे दोन्ही गोट एकमेकांच्या वाऱ्याला उभे राहत नाहीत. या एका मुद्द्यावर मात्र त्यांचं गूळपीठ जमलेलं आहे. मला दोघांचंही म्हणणं मान्य नाही, आणि त्याची कारणं द्यायला फार लांब जावं लागत नाही. जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला नाणेघाट आहे, पूर्वेला खोडद आहे, आणि शेजारच्या आंबेगावातून भीमाशंकरची वाट जाते. एवढा मुलूख पुरे.

आधी वास्तववाद्यांचं म्हणणं त्यांच्या बाजूने नीट मांडतो, कारण ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. मोजणी कधी थांबत नाही एवढ्यापुरतंच अनंत खरं, मोजून पुरं झालेलं अनंत अशी वस्तूच नाही, असं ॲरिस्टॉटलने सांगून ठेवलं होतं. गाउसने १८३१ साली शुमाखरला लिहिलेल्या पत्रात हाच आक्षेप नोंदवला. कँटरने अनंतांमध्येही लहानमोठं असतं असं सिद्ध केलं तेव्हा बर्लिनचा क्रोनेकर त्याच्या आडवा आला. विसाव्या शतकात हॉलंडच्या ब्राउवरने हा लढा पुढे चालवला. आजही अमेरिकेतले डोरॉन झाइलबर्गर सगळ्यांत मोठी संख्या असतेच असं मानतात, आणि ऑस्ट्रेलियातले नॉर्मन वाइल्डबर्गर अनंत संचांना गणितातून हाकलून द्या म्हणतात. हे सगळे गणितातले जाणते लोक आहेत, ऐरेगैरे नाहीत. त्यांचा मुद्दा असा: ज्याची शेवटची पायरी नाही ते काम 'झालं' असं धरून पुढचा हिशेब करणं म्हणजे न आलेल्या पैशावर व्यवहार करणं. या व्यवहारात खोट कुठे ना कुठे येणारच.

मुद्दा तगडा आहे. पण आकड्यांना शेवट असतो असं खरोखर मानून चालायचं झालं तर काय होतं, याचा नमुना आपल्याकडे दगडात कोरलेला आहे. कोकणातून घाट चढून जुन्नरकडे येणाऱ्या जुन्या व्यापारी वाटेवर, नाणेघाटाच्या माथ्याशी, एक लेणं आहे. त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे, इ.स.पूर्व पहिल्या शतकाच्या आसपासचा. केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणांची ती यादी आहे: गाई, घोडे, हत्ती, गावं, कार्षापण नाणी. भिंत झिजली आहे, अक्षरं ठिकठिकाणी गळाली आहेत, पण आकडे बरेच शाबूत आहेत. पंडित भगवानलाल इंद्रजींनी एकोणिसाव्या शतकात ते वाचले, आणि भारतीय अंकांच्या इतिहासात नाणेघाटाचं नाव कायमचं लागलं.

हे आकडे जवळून बघण्यासारखे आहेत. एकाला एक आडवी रेघ, दोनाला दोन. दहाला स्वतंत्र चिन्ह, शंभराला स्वतंत्र, हजाराला स्वतंत्र. चार हजार लिहायचे तर हजाराच्या चिन्हाला चाराचं चिन्ह चिकटवायचं, वीस हजार लिहायचे तर विसाचं. चोवीस हजार चारशे कार्षापण तिथे तीन तुकड्यांत मांडलेले आहेत: वीस हजार, चार हजार, चारशे. शून्य नाही, स्थानमूल्य नाही. राणीच्या दानाला ही पद्धत भरपूर पुरली. पण तिला छत आहे. आणखी वर चढायचं तर कोणीतरी नवं चिन्ह घडवायला हवं, ते बाकीच्यांनी मान्य करायला हवं, आणि तोवर तिथेच थांबायला हवं.

पुढे स्थानमूल्याची दशमान पद्धत आली आणि छत उडालं. दहा चिन्हं, आणि नियम एकच: पुरलं नाही तर डावीकडे आणखी एक घर घ्या. हा नियम कुठेही 'आता बस' म्हणत नाही. अनंत गणितात कुठल्या तत्त्वज्ञाच्या आगाऊपणामुळे शिरलं अशी समजूत आहे. ते तर आपण किराण्याचं बिल ज्या रीतीने लिहितो त्या रीतीतच बसलेलं आहे. दिसणाऱ्या विश्वात सुमारे एकावर ऐंशी शून्यं इतके अणू आहेत, सबब त्यापलीकडच्या संख्या निरर्थक, असं सांगणारे भेटतात. ते ज्या पद्धतीने ती ऐंशी शून्यं लिहितात ती पद्धत एक्क्याऐंशीव्या शून्याला मज्जाव करत नाही. करायचा असेल तर तसा नियम त्यांनी सांगावा, आणि मग बेरीज, गुणाकार, वर्ग या सगळ्यांना त्या उंबरठ्याशी काय होतं तेही सांगावं. छतवाली पद्धत हवीच असेल तर ती घाटमाथ्यावर दोन हजार वर्षं ठेवलेली आहे.

या बाबतीत एक किस्सा मला फार आवडतो. तो हार्वी फ्रीडमन या तर्कशास्त्रज्ञाने लिहून ठेवला आहे. कवी येसेनिनचा मुलगा अलेक्सांद्र येसेनिन-वोल्पिन हा रशियन गणितज्ञ अनंतविरोधकांमधला सर्वांत जहाल. सोव्हिएत सरकारने त्याला वेड्यांच्या इस्पितळातही डांबलं होतं, ते वेगळ्या कारणासाठी. फ्रीडमनने त्याला विचारलं, २ ही संख्या खरी आहे का? तो लगेच हो म्हणाला. २ चा वर्ग? हो, पण किंचित थांबून. घन? आणखी थांबून. प्रत्येक घाताला होकारच आला, पण आधीच्यापेक्षा उशिरा. अशाने शंभराव्या घातापर्यंत कोणी पोचणारच नाही. उत्तर कमालीचं चलाख आहे, दाद द्यावी असं. पण त्यात छत कुठे आहे ते कळत नाही. माणूस कधी दमतो तेवढंच कळतं, आणि दमणं हा गणिताचा गुणधर्म नव्हे.

आता भाविकांकडे वळतो. मंचर-घोडेगाववरून भीमाशंकरला जाणाऱ्या रस्त्यावर ज्योतिर्लिंगाची मूळ कथा माहीत नसलेला माणूस विरळा. ब्रह्मा आणि विष्णू यांच्यात थोर कोण यावरून वाद झाला, मध्ये तेजाचा स्तंभ उभा राहिला. विष्णू वराह होऊन खाली गेला, ब्रह्मा हंस होऊन वर गेला, अंत कोणालाच लागला नाही. जिथे देव थकले तिथे तुमची कॅल्क्युलसची पुस्तकं काय करणार, असा या कथेचा दाखला दिला जातो. दाखला देणारे कथेचा उत्तरार्ध सोयीने विसरतात. विष्णू परत आला आणि म्हणाला, मला अंत सापडला नाही. ब्रह्मा म्हणाला, मला सापडला. आणि साक्षीला त्याने केवडा उभा केला. शाप बसला तो ब्रह्म्याला आणि त्या केवड्याला. म्हणून शंकराला केवडा वाहत नाहीत. म्हणजे कथेत शोध घेणं हा गुन्हा नाही. टोक पाहिल्याची खोटी साक्ष हा गुन्हा आहे. गणिताने अशी साक्ष कधी दिलेली नाही. शेवट नाही हे ते कबूल करतं, आणि शेवट नाही एवढ्याच माहितीवरून काय काय निष्कर्ष निघतात ते तपासत बसतं. सर्वांत मोठी संख्या आहेच म्हणणाऱ्यांनी मात्र केवड्याची आठवण ठेवावी.

भाविकांच्याच गोटात दुसराही सूर असतो: अनंताचं गणित आमच्या पूर्वजांनी कधीच पुरं केलं, तुमचा कँटर मागाहून आला. इथे जरा हिशेब चोख ठेवायला हवा. भास्कराचार्य आपले, यात वाद नाही. जन्म १११४, 'सिद्धान्तशिरोमणि' ११५० चा, आणि त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने काढलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला सापडलेला. 'बीजगणिता'त ते शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' म्हणतात, आणि तिच्यात काही मिळवलं वा वजा केलं तरी ती बदलत नाही हे सांगताना अच्युताची उपमा देतात: प्रलयात जीव त्याच्यात विलीन झाले, सृष्टीच्या वेळी बाहेर पडले, तरी तो तसाच. उपमा भव्य आहे. पण पुढे काय? काहीही मिळवलं तरी तेच उत्तर, काहीही काढलं तरी तेच, म्हणजे या राशीकडून नवं काही कळायची सोयच उरत नाही. भास्कराचार्यांचा खरा पराक्रम तिथे नाही. ग्रहाची तात्कालिक गती काढताना ते अगदी लहान काळात होणारा फरक हाताळतात, ज्येचा फरक कोटिज्येच्या प्रमाणात असतो हे वापरतात, आणि तिथे त्यांचा हात जराही कापत नाही. 'लीलावती'त ते शून्याने गुणून पुन्हा शून्याने भागायचं एक उदाहरण घालतात, ज्याचं उत्तर १४ येतं. आजच्या काटेकोर नियमांत ते बसत नाही, पण शून्याकडे सरकणारी राशी असं वाचलं तर चपखल बसतं. ज्या माणसाने अनंताला नमस्कार केला त्यानेच काम पडल्यावर अनंतसूक्ष्माला कामाला लावलं. मला हा कामाला लावणारा भास्कर जास्त मोठा वाटतो.

वास्तववाद्यांचं सर्वांत धारदार हत्यार अजून बाकी आहे. ते म्हणतात, अनंताचं गणित नुसतं हवेतलं नाही, ते परस्परविरोधी उत्तरं देतं. त्यांचं आवडतं उदाहरण गणितज्ञ लिटलवुडने १९५३ साली एका पुस्तकात छापलं. मी ते नाणेघाटात आणतो, कारण तिथे त्याला लागणारं भांडं तयार आहे. घाटाच्या तोंडाशी दगडात घडवलेला मोठा रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. समजा रांजण अथांग आहे आणि नाण्यांवर १, २, ३ असे क्रमांक आहेत. बारा वाजायला एक मिनिट असताना नाणी १ ते १० आत टाकली, एक बाहेर काढलं. अर्धा मिनिट असताना ११ ते २० टाकली, एक काढलं. पाव मिनिट असताना २१ ते ३०, आणि असंच, दर वेळी उरलेला वेळ अर्धा करत. बाराच्या ठोक्याला रांजणात किती नाणी?

दोन कारकून घ्या. पहिला दर वेळी आतलं सर्वांत जुनं नाणं काढतो: आधी १, मग २, मग ३. दुसरा सर्वांत नवं काढतो: आधी १०, मग २०, मग ३०. कुठल्याही पायरीनंतर मोजलं तर दोघांच्या रांजणांत नाणी सारखीच: पहिल्या पायरीनंतर ९, दुसरीनंतर १८, शंभराव्यानंतर ९००. पण बारा वाजता पहिल्याचा रांजण रिकामा. विश्वास बसत नसेल तर कोणतंही नाणं सांगा. त्याचा क्रमांक जो असेल त्या पायरीला ते बाहेर गेलेलं आहे. दुसऱ्याच्या रांजणात मात्र १ ते ९, ११ ते १९, अशी न संपणारी नाणी पडून आहेत. सारखीच वाढ, सारखीच शिल्लक, आणि शेवट एकाचा शून्य तर दुसऱ्याचा अनंत! इथे विरोधक टाळी मागतो.

टाळी द्यायची घाई नको. विरोधाभास तेव्हाच होतो जेव्हा एकाच प्रश्नाला दोन उत्तरं येतात. इथे प्रश्न दोन आहेत. 'शिल्लक आकडा कुठे चालला आहे' हा एक, 'कोणती नाणी कायमची आत राहिली' हा दुसरा. पायरीगणिक मोजलेला आकडा पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. दुसऱ्याचं उत्तर द्यायला प्रत्येक नाण्याचा माग काढावा लागतो, आणि दोन्ही कारकुनांनी वेगवेगळी नाणी काढली आहेत. दोन्ही उत्तरं एकच असायला हवीत ही आपली सवय, मोजक्या पायऱ्यांच्या व्यवहारातून लागलेली. अनंत पायऱ्यांना ती लागू नाही, हे गणित सांगतं आणि कारणासकट सांगतं. असा कारकून प्रत्यक्षात असू शकत नाही, हे खरं. क्षणभरात अगणित वेळा हात घालणं कुणालाच जमणार नाही. पण आक्षेप तर्कातल्या विसंगतीचा होता, कारकुनाच्या हाताचा नव्हता.

आणि ही सवय पोरासोरांनाच फसवते असं नाही. कोशीसारख्या मोठ्या गणितज्ञाने १८२१ साली लिहिलं की अखंड वक्र देणाऱ्या पदांची श्रेणी अभिसारी असली तर तिची बेरीजही अखंडच येणार. १८२६ साली नॉर्वेच्या आबेलने, तेव्हा तो चोविशीतला, याला अपवाद असलेली ज्या-श्रेणी समोर ठेवली: एकेक पद नितळ, बेरजेत मात्र उडी. चूक रांजणाचीच होती. प्रत्येक पायरीवर जे खरं ते शेवटालाही खरं असणारच, ही. त्यातून एकसमान अभिसरणाची कल्पना निघाली, आणि नेमकं कधी सवय चालते आणि कधी चालत नाही याचा नियम हाती आला.

माझं सगळं म्हणणं या एका घटनेत आहे. एखादी कल्पना गणिताला अर्थपूर्ण रीतीने हाताळता येते की नाही, याची कसोटी मी एवढीच धरतो: तिच्याविषयी चुकता येतं का, आणि चूक दाखवून देता येते का? तेजस्तंभाविषयी कोणी काहीही बोललं तर त्याला खोडून काढायची सोय नाही. अनंत श्रेणीविषयी युरोपातला एक नामांकित गणितज्ञ चुकला आणि एका तरुणाने ते एका उदाहरणाने दाखवलं. निरर्थक गोष्टींत असं घडत नाही. १ + २ + ३ अशी बेरीज उणे एक-बारांश येते, हे व्हिडिओंतून गाजलेलं चाळवणंही याच कसोटीला लावा. नेहमीच्या अर्थाने ती बेरीज येतच नाही. रामानुजनने १९१३ साली हार्डीला ते लिहिलं तेव्हा वाचणारा आपल्याला वेड्यात काढेल याची त्याला जाणीव होती, कारण तो वेगळ्या अर्थाने 'बेरीज' म्हणत होता. कुठला अर्थ ते सांगितलं की विधान खरं ठरतं, लपवलं की थाप.

कसोटीचा दुसरा भाग व्यवहाराचा, आणि त्यासाठी नारायणगावहून खोडदला जावं. तिथली महाकाय मीटरलहर रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. १४ मधल्या चौरस किलोमीटरभर जागेत दाटीने, १६ तीन बाहूंवर पसरलेल्या, टोकापासून टोकापर्यंत सुमारे २५ किलोमीटर. तबकडी म्हणजे पत्रा नाही, बारीक पोलादी तारांची जाळी आहे. तिच्यातून आभाळ दिसतं, कारण जिची भोकं सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची ती जाळी वीतभर आणि त्याहून लांब लहरींना आरशासारखीच वाटते. २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनाला, इथे तालुक्यातल्या शाळांची झुंबड उडते आणि 'किती लांबचं दिसतं?' हा प्रश्न दिवसभर विचारला जातो.

त्या प्रश्नातच आपला विषय आहे. तबकडीचा आकार अन्वस्ताचा. अन्वस्ताचा गुण असा की समांतर येणारे किरण तो एका बिंदूवर, नाभीवर, आणून सोडतो. पण अगदी समांतर किरण फक्त अनंत अंतरावरून येतात. केप्लरने १६०४ मध्येच म्हटलं होतं की अन्वस्ताला दोन नाभी असतात, दुसरी अनंतावर. म्हणजे पोलादाच्या या तबकडीची आखणी करताना अनंत गृहीत धरलेलं आहे. कडक वास्तववाद्याने इथे विचारावं: कुठला तारा अनंतावर आहे? एकही नाही. मग गृहीतक खोटं, आखणी चुकीची?

आकडेमोड करून बघू. तबकडीची नाभी साडेअठरा मीटरच्या आसपास उंचीवर आहे. एक किलोमीटरवरच्या टेकडीवरून लहर सोडली तर ती नाभीपासून सुमारे ३५ सेंटिमीटर सरकून एकवटेल. हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटरच्या लहरींसाठी ही चूक मोठी, म्हणजे टेकडी 'अनंतावर' नाही. चंद्रावरून सोडली तर सरक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकीही नाही. एका तबकडीपुरता चंद्र खुशाल अनंतावर. पण तीसही तबकड्या एकत्र जोडल्या की तोच चंद्र जवळ येतो! त्याच्याकडून येणारी लहर गोलाकार असते, आणि २५ किलोमीटरच्या पसाऱ्यावर तिचा फुगवटा सुमारे २० सेंटिमीटर होतो, जवळजवळ एक आख्खी लहर. तो दुरुस्त केला नाही तर चित्र बिघडेल. सूर्यासाठी हाच फुगवटा अर्ध्या मिलिमीटरचा, दुर्लक्ष करा. या दुर्बिणीपुरतं अनंत चंद्राच्या पलीकडे आणि सूर्याच्या अलीकडे कुठेतरी सुरू होतं. लहर बदलली की ती हद्द सरकते, आणि किती सरकते ते कागदावर काढता येतं.

'अनंत मानलं तर चूक किती?' हा प्रश्न विचारता येणं आणि त्याचं उत्तर आकड्यात देता येणं, यालाच मी हाताळणं म्हणतो. आपल्याकडे हे सर्वांत देखणेपणाने केलं ते केरळच्या माधवाने, चौदाव्या शतकात. पायसाठी त्याने न संपणारी श्रेणी दिली: एक, वजा एक-तृतीयांश, अधिक एक-पंचमांश, आणि त्याची चौपट. श्रेणी भयंकर मंद आहे. वीस पदं घेतली तर ३.०९१ वर अडखळते. माधवाची परंपरा तिथे हात जोडून बसली नाही. मध्येच थांबलात तर काय मिळवायचं याचा 'अंत्यसंस्कार', म्हणजे शेवटची दुरुस्ती, तिने दिली. वीस पदांनंतर ८० भागिले १६०१ एवढं मिळवा, की उत्तर ३.१४१५९२ पर्यंत बिनचूक येतं. हे साध्य झालं कारण उरलेल्या अनंत पदांची एकूण किंमत त्यांनी ओळखली होती. जे कधी लिहिलंच जाणार नाही त्याचा हिशेब!

यावर विरोधक शेवटचा बुरूज लढवतो: खोडदचे संगणक मोजकेच आकडे चघळतात, अनंत फक्त इंजिनियरच्या वहीत आहे, बांधकाम झालं की पराची काढून टाका. ठीक, काढून बघू. ३० तबकड्यांच्या जोड्या होतात ४३५. प्रत्येक जोडी एका क्षणी आकाशाच्या चित्राचा एक तरंगघटक मोजते. पृथ्वी फिरते तशा जोड्यांच्या दिशा बदलतात आणि आणखी घटक मिळतात. रात्रभर मोजलं तरी घटक मोजकेच, मध्ये गाळलेल्या जागा उरतात, आणि त्या जागी काहीही भरलं तरी मोजमापांशी जुळणारी आकाशं निघतात. किती? अनंत. विरोधक म्हणेल, चित्राच्या चौकटी आणि उजेडाच्या पायऱ्या ठरवा, उत्तर मोजकं येईल. येईल, पण हजार चौकटींना एक, दहा हजारांना दुसरं, आणि आकाशाला आपल्या चौकटींशी काही देणंघेणं नाही. कुठल्याही चौकटीवर न अवलंबणारं उत्तर एकच आहे, अनंत, आणि तेच खगोलशास्त्रज्ञाला सावध करतं की चित्र आपोआप मिळणार नाही, निवडीचे जादा नियम लावावे लागतील. १९७४ साली ह्यॉगबोमने दिलेली चित्र स्वच्छ करण्याची रीत जगभर वापरतात ती याच अडचणीमुळे. पराची काढली तर अडचण तशीच राहते, फक्त तिला नाव उरत नाही.

कँटरवर मी इथे थोडक्यातच बोलतो, कारण त्याच्या विकर्णाच्या युक्तिवादावर मराठीतही भरपूर लिहिलं गेलं आहे. एवढंच नोंदवतो की दोन अनंतांतला फरक हा शोभेचा दागिना नाही: लिहिता येतील असे संगणकी प्रोग्राम पहिल्या, लहान अनंताइतके, आणि 'प्रत्येक संख्येसाठी हो की नाही' या साच्यातले सगळे शक्य प्रश्न, शब्दांत मांडता येवोत वा न येवोत, दुसऱ्या, मोठ्या अनंताइतके. टुरिंगने १९३६ साली कँटरचीच युक्ती वापरून यंत्राला कधीही न सुटणारा प्रश्न दाखवला. अनंत मोडीत काढा म्हणणाऱ्या संगणकवाल्यांच्या धंद्याची हद्द त्याच अनंताने आखून दिलेली आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. अनंत संच असतो, हे गणितात सिद्ध केलेलं नाही. ते गृहीत धरलेलं आहे. आणि गोडेलने १९३१ साली दाखवलं की पुरेशी बळकट पद्धत स्वतःच्या निर्दोषपणाची हमी स्वतः देऊ शकत नाही. म्हणजे अनंताच्या गणितात उद्या विसंगती निघणारच नाही, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. विरोधकांना हा कबुलीजबाब पुरेसा वाटतो. पण गोडेलचा निकाल फक्त अनंत संचांना लागू नाही. १, २, ३ च्या साध्या अंकगणितालाही, बेरीज-गुणाकाराच्या नेहमीच्या नियमांनाही, तो तसाच लागू आहे. ज्या अंकगणिताने वास्तववादी विश्वातले कण मोजतो त्याचीही हमी त्या अंकगणितातून मिळत नाही. ती हमी द्यायचं काम गेर्हार्ट गेंट्झेनने १९३६ साली केलं. त्यासाठी त्याला सगळ्या नैसर्गिक संख्या ओलांडून पलीकडे, कँटरच्या अनंत क्रमांकांपैकी एकापर्यंत चढणारं गणिती विगमन वापरावं लागलं.